मिशरीची डबी

गुंजन ही दातांची डॉक्टर. हिंगोलीहून महिन्यातून एकदा गावच्या दवाखान्यात यायची. शकुबाईचा जबडा पाहून तिनं कपाळाला हात लावला.

"मावशी, हिरड्या पार सडल्यात. ही मिशरीची डबी आधी फेकून द्या."

शकुबाईनं चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं आणि डबी परत कमरेला खोचली.

"दाढ ठणकली की हीच लावते, तवा कुठं जिवाला बरं वाटतं. डबी रोज हाताशी हाय, बाई. तुमी महिन्यातून एकदा येता. मंग काहून फेकू?"

दर आठवड्याला येऊ द्या, म्हणून गुंजननं तीनदा वर अर्ज केला होता, रुग्णांच्या आकड्यांचे तक्ते जोडून. तिन्ही वेळा 'मागणी दिसून येत नाही' असा शेरा मारून तो परत आला होता. चौथ्या अर्जात तिनं तक्ते जोडलेच नाहीत. शकुबाईचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं आणि खाली तिचा अंगठा घेतला.

दोन महिन्यांनी हुकूम आला. दातांचा डॉक्टर आता गावात दर बाजारच्या दिवशी.

पहिल्याच बाजारी शकुबाई भाजीच्या पिशवीसकट रांगेत सगळ्यात पुढं. दाढ निघाली, तसा तिनं दाताखाली कापूस धरला आणि कमरेची डबी काढून टेबलावर ठेवली.

"फेकत न्हाई. हितंच राहू द्या. ज्या बाजारी तुमी येणार न्हाईत, त्या बाजारी माघारी नेईन."