ताईच्या हातचं

धाकटीने तिसऱ्यांदा बाही उसवली आणि लोकर पुन्हा गुंडाळायला घेतली. दुकानामागच्या खोलीत, बटणांच्या खोक्यांमध्ये बसून दुपारचा एक तास तिला मोकळा मिळायचा. तेवढ्यात काय ते उरकायचं. घरी क्रोशाची सुई बाहेर काढायची सोय नव्हती.

कारण हे स्वेटर ताई पाठवायची. निदान आईला तसं वाटायला हवं होतं.

ताई विणायची ती दोन सुयांवर. आईनेच शिकवलं होतं. आईने तीस वर्षं स्वेटरच्या कारखान्यात माल तपासला होता. धाकटीच्या हातात मात्र दोन सुया कधी बसल्याच नाहीत. एक सांभाळावी तर दुसरी निसटायची. शेवटी आईने हात टेकले आणि तिच्या हाती क्रोशा दिला.

पुढे ताईने आपल्या मनाने लग्न ठरवलं. त्या दिवशी आई बोलू नये ते बोलून गेली, आणि ताईही ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. ती गेली ती गेलीच. समुद्राकाठच्या मोठ्या शहरात आहे एवढंच कुणाकडून तरी कळलं. फोन लागेना, पत्ता माहीत नाही. आईने पहिलं वर्ष रागात काढलं, दुसरं दाराकडे बघत. तिसऱ्या वर्षी एकाएकी तिचं अन्नावरचं मनच उडालं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. काय होतंय विचारलं तर काही नाही म्हणायची. डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. धाकटीला वाटलं, वाट बघूनबघूनच ही आता संपणार.

तेव्हा तिने ठरवलं, ताईकडून काहीतरी यायला हवं.

दुकानात लोकर घ्यायला येणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने तिला युक्ती दाखवली. मुका टाका, म्हणजे क्रोशाचा साधा आखूड टाका, घालताना सुई वरच्या साखळीत घालायची नाही. खालच्या टाक्याचे दोन पाय जिथे फाकतात, तिथे मधोमध खुपसायची. हात सैल ठेवायचा, सुई एक नंबर जाड घ्यायची. आणि उलटून मागे यायचं नाही, गोलगोल पुढेच जात राहायचं. मग टाके वेणीच्या पेडांसारखे एकाखाली एक बसतात आणि कापड थेट दोन सुयांवर विणल्यासारखं दिसतं. बाई म्हणाल्या, चारचौघांना पत्ता लागणार नाही.

आई चारचौघांतली नव्हती, हीच धाकटीची काळजी होती.

दुकानात माल आणणारा ड्रायव्हर त्या शहराकडे जायचा. त्याने तिथल्या पोस्टातून पार्सल टाकलं. ते आलं तेव्हा धाकटी मुद्दाम भांडी घासत उभी राहिली. आईने स्वेटर उलगडला, आतली बाजू निरखली, तळहातावर घेऊन तोलला. मग मान वर करून धाकटीच्या पाठीकडे बराच वेळ पाहत राहिली.

"ताईच्या हातचा आहे," ती म्हणाली. आणि त्या दिवशी पोटभर जेवली.

त्यानंतर दर थंडीला एक, असे सात स्वेटर आले. रंग निवडताना धाकटी ताईच्या डोळ्यांनी बघायची. विणताविणता तिच्याशी मनात बोलायची. लहानपणी दोघी एका पलंगावर झोपायच्या आणि ताई आपले बर्फासारखे पाय धाकटीच्या पोटऱ्यांखाली सारायची. थंडी पडली की अजून तिला तिथे गार लागायचं. ताईला आता मुलं असतील, त्यांनाही ती तशीच छळत असेल, असं काहीबाही ती जुळवत राहायची. पुढेपुढे तर पार्सल स्वतः पाठवून तीच पोस्टमनची वाट बघायला लागली.

एकदा न राहवून ती आईला म्हणाली की मी जाते, ताईला शोधून आणते. आईने तिथल्या तिथे तोडून टाकलं. आठवणीने स्वेटर पाठवते म्हणजे सुखात आहे, यायचं तेव्हा येईल, तू जायचं नाहीस. धाकटीच्याच खोटेपणाने तिचं तोंड शिवून टाकलं होतं.

या वर्षी ती दुकानाच्या पायरीवरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. बाही उसवली होती तशीच राहिली. थंडी सरली, पार्सल आलं नाही. आईने एका शब्दाने विचारलं नाही, आणि ते न विचारणंच धाकटीला सोसेना.

एका सकाळी आई तिचे केस विंचरत होती. धाकटीची पाठ तिच्याकडे होती, म्हणून जमलं.

"आई, ते स्वेटर ताईचे नव्हते. मी करत होते, क्रोशावर."

कंगवा थांबला नाही.

"ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी कळलं. क्रोशाचं कापड लोकर जास्त खातं, हाताला जड लागतं."

"मग बोलली का नाहीस? मला वाटायचं, त्या आशेवर तू जगतेस."

"मला वाटायचं, तू जगतेस."

धाकटीला याचा अर्थ लागला नाही. तिला एकदम हलकं मात्र वाटलं. आता लपवायचं काही उरलं नव्हतं आणि अडायचंही कारण नव्हतं. प्लास्टर निघालं की पुढच्याच आठवड्यात मी त्या शहरात जाते, ती म्हणाली. घरोघर विचारेन, पण ताईला घेऊनच येईन.

आईने कंगवा खाली ठेवला. आतल्या खोलीत जाऊन ती एक पत्र घेऊन आली आणि ते तिने धाकटीच्या मांडीवर ठेवलं.

ते ताईच्या नवऱ्याचं होतं. ताई बाळंतपणात दगावल्याचं त्याने चार ओळींत कळवलं होतं. वरची तारीख पहिला स्वेटर येण्याच्या दोन महिने आधीची होती.