पिवळी की निळी?

“तुझी निळी गाडी म्हणजे नुसतं खोकं!” रसेल आमच्या नॉरफोकच्या पबमध्ये रोज म्हणायचा. “आणि तुझी पिवळी म्हणजे लग्नातला केक!” ग्लिन कसला ऐकून घेतोय!

शेवटी पैज लागली. हौशी लोकांसाठी रेसचा ट्रॅक खुला असतो त्या शनिवारी दोघांनी आपापली गाडी पळवायची. जो हरेल, त्यानं जिंकणाऱ्याची गाडी वर्षभर धुवायची.

गाडी नुसती पळून काय उपयोग, गरजली पाहिजे, म्हणून दोघांनीही गुपचूप सायलेन्सर काढून मोठ्ठे पाइप बसवले. ट्रॅकच्या फाटकावर आवाज मोजणारी बाई दचकलीच. “बाहेर काढा दोन्ही गाड्या! गावातल्या कोंबड्या अंडी द्यायच्या बंद होतील!”

“मग ट्रॅकवरची तुमची जागा वाया कशाला घालवायची?” असं म्हणत रसेलच्या बायकोनं, मॉरीननं, सँडविचचा डबा आमच्या हातात दिला, नवऱ्याचं हेल्मेट डोक्यात घातलं आणि आपली बाजारहाटाची जुनी गाडी ट्रॅकवर नेली. तिघांत फेरी पुरी केली ती फक्त तिनंच.

 

पैज ती पैज. आता दर रविवारी रसेल पाणी मारतो, ग्लिन मॉरीनच्या गाडीवर फडकं फिरवतो, आणि ती खिडकीतून ओरडते, “चाकं राहिली रे!”