सेल्फ मार

थोरला भाऊ गेल्यापासून दोघांचं गॅरेज तो एकटाच चालवत होता. त्या दुपारी एक बंद पडलेली गाडी ओढून आणली गेली. मालक त्याच्या हातात चावी देऊन निघून गेला.

त्यानं बॉनेट वर केलं. बॅटरी चांगली होती, फ्यूजही शाबूत होते. एका वायरीच्या टोकाला गंज चढला होता, तो त्यानं घासून काढला. मग सवयीनं ओरडला, "दादा, सेल्फ मार!"

ओरडल्यावर त्याचं त्यालाच कसंनुसं झालं. इतकी वर्षं दादा आत बसून चावी फिरवायचा आणि हा बॉनेटखाली वाकलेला असायचा. जिभेचं वळण काही केल्या जात नव्हतं.

आणि सेल्फ फिरला. घर्र घर्र करून थांबला.

"शॉर्ट असेल कुठेतरी," असं पुटपुटत त्यानं खिसा चाचपला. चावी खिशातच होती. वर केलेल्या बॉनेटमुळे आतली सीट दिसत नव्हती, आणि बाजूला होऊन बघायचा त्याला धीर होईना.

त्यानं बॅटरी सोडवली आणि उचलून फरशीवर ठेवली. 

"परत मार."

सेल्फ पुन्हा फिरला.

त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. भीती कुठल्या कुठे पळाली. "बास झालं, दादा," तो म्हणाला. "उतर आता. दोन घास खाऊन घेऊ."

ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि हलकेच लागलं.

मग गाडीच्या मागच्या सीटचं दार उघडलं.