मेडिकलचे पॉइंट

लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी योगिनीला मूल नव्हतं. बीटी कपाशीत बोंडअळी शिरली तेव्हाही सासू म्हणाली होती, "वांझ बाईचा पाय पडला वावरात, दुसरं काय!" नवरा कुलदीप खाली मान घालून ऐकायचा आणि तपासणीला मात्र बायकोला एकटीलाच पाठवायचा.

त्या दिवशी सासूला ताप आला, म्हणून योगिनी औषध आणायला नांदुऱ्याच्या मेडिकलमध्ये गेली. पॉइंट जमले असतील तर सूट मिळेल, म्हणून तिनं नवऱ्याचा मोबाइल नंबर सांगितला.

"लय पॉइंट हायेत, ताई. हे औषध तं फुकटातच बसते," दुकानदार फहीमभाई म्हणाले. "कुलदीपभाऊ दर महिन्याले गोळ्या नेतात ना. ह्या महिन्याच्या राह्यल्या. देऊ काय?"

"कायच्या गोळ्या?"

फहीमभाई घुटमळले. मग आवाज खाली करून म्हणाले, "मूल व्हावं म्हणून माणसायले देतात त्या. मले वाटलं, तुमाले मालूम असंन."

योगिनीनं त्या गोळ्याही घेतल्या. बसमध्ये तिला रडूसुद्धा आलं नाही. आज सासूला सगळं कळू दे, आपल्या पोरानं काय लपवलं ते तिच्या डोळ्यांनी पाहू दे, एवढंच तिच्या मनात होतं. घरी येताच तिनं पाकीट सासूच्या हातात ठेवलं.

"आई, ह्या तुमच्या पोराच्या गोळ्या."

सासूनं पाकीट चटकन पदराखाली घेतलं आणि दाराकडे पाहत विचारलं,

"मेडिकलात आपल्या गावचं कोणी नव्हतं ना?"