नऊ तारखेची सही

“इसमें तो पहले से डेटा पड़ा है,” चेतना म्हणाली.

लसींच्या फ्रिजमध्ये तापमानाचं नवं यंत्र लावून द्यायला ती कंपनीकडून आली होती. यंत्र काडेपेटीएवढं, पांढरं. त्यातून निघालेल्या वायरच्या टोकाला सेन्सर. फ्रिज आठ अंशांच्या वर गेला, की ते आपणहून मोबाइलवर अलार्म देणार होतं.

तुळशीराम रजिस्टर घेऊन बाजूला उभा होता. रायपूरच्या शंकर नगरातल्या या गोदामात रोज सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर पाहायचा, आकडा लिहायचा आणि सही करायची. तो आणि सरिता, दोघांपैकी जो हजर असेल त्याने. अकरा वर्षं असंच चाललं होतं. सोमवारी शिशिर सरांनी सांगितलं, यंत्र आलं की फ्रिजपाशी एकच माणूस पुरेल. अलार्मही त्या एकाच्याच मोबाइलवर जाईल. कोणाच्या, ते आज ठरायचं होतं.

“नवं आहे ना ते?” तुळशीरामने विचारलं.

“तीन तारखेपासून आतच आहे,” सर म्हणाले. “रजिस्टर बरोबर लिहिलं जातं की नाही, ते पाहायचं होतं. सरिताने ठेवलं होतं, रिकाम्या खोक्यात घालून.”

तुळशीरामने सरिताकडे पाहिलं. ती खालच्या खणातले खोके सरळ करत होती. ते आधीच सरळ होते.

चेतनाने मोबाइल सरांपुढे धरला. पंधरा दिवसांची रेघ चार-पाच अंशांवर शांत चालली होती. एकाच जागी ती उंच गेली होती. नऊ तारीख, संध्याकाळी साडेपाच ते आठ. अकरा अंश.

सरांनी रजिस्टर मागून घेतलं. नऊ तारीख, संध्याकाळी सहा. पाच अंश. पुढे तुळशीरामची सही.

“सर, आधी त्या फ्रिजमधला माल थांबवा,” तुळशीराम म्हणाला. “आज दोन दवाखान्यांत जाऊन राहिला, गाडी निघायचीच आहे.”

“तो थांबवतोच. नऊ दिवसांत किती गेला, तेही काढावं लागेल. ही सही तुमची आहे?”

“हव सर. माझीच.”

दहा तारखेला सकाळी त्याने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली नव्हती, तोच सरिता आली होती. “भाऊ, काल मी लवकर निघाली. पोट्टीले ताप होता. संध्याकाळची नोंद राहून गेली. या महिन्यात माझी आधीच एक राहिली आहे, तुम्हीच सही करून द्या ना.” त्याने थर्मामीटर पाहिला. पाच होता. काल सहालाही पाचच असेल, असं धरून त्याने लिहून टाकलं. पोट्टीचा ताप उतरला का, तेही विचारलं.

यंत्र तीन तारखेपासून आत होतं. सही तिने दहा तारखेला मागितली.

“सरिता,” तो म्हणाला, “नऊ तारखेला संध्याकाळी मी कुठं होतो?”

“मले काय मालूम, भाऊ?” ती खोक्यांकडेच पाहत म्हणाली. “सही तर तुमची आहे.”

त्या संध्याकाळी तो माल पोचवायला गाडीबरोबर नवा रायपुरला गेला होता. चलनावर वेळ होती, घेणाऱ्याचा शिक्का होता. पण तो इथं नव्हता हे दाखवलं, की न पाहता सही केली हेही दिसणार होतं.

“तुमच्या सहीवर मी डोळे झाकून माल पाठवत होतो, तुळशीराम,” सर म्हणाले. मग ते चेतनाकडे वळले. “नंबर सरिताचा टाका.”

सरिताने दहा आकडे सांगितले, एकदाही न अडखळता. चेतनाने आठची मर्यादा घातली आणि सेन्सर तुळशीरामपुढे केला.

“टेस्ट कर लेते हैं. अंकल, ज़रा इसको मुट्ठी में पकड़िए. हाथ की गरमी से चढ़ेगा.”

त्याने तो थंडगार सेन्सर मुठीत घेतला. चेतनाच्या पडद्यावर आकडा हलू लागला. पाच. सहा. आठ. नऊ.

सरिताच्या हातातला मोबाइल केकाटला. ती घाबरून बटणं दाबू लागली. तो थांबेना.

“ऐसे बंद नहीं होगा दीदी, टेंपरेचर उतरना चाहिए,” चेतना म्हणाली. “बस अंकल, हो गया. छोड़ दीजिए.”

बारा. सोळा. एकोणीस.

“भाऊ, सोडा ना आता,” सरिता म्हणाली. आज पहिल्यांदाच तिने त्याच्याकडे पाहिलं.

तुळशीरामही तिच्याकडेच पाहत होता. मूठ तशीच होती.

चोवीस.