वायव्येकडं तोंड

"आमच्या घराकडं तोंड करायचं न्हाय, असं ठरलंय आपलं," गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या उलटत आक्काताई म्हणाल्या.

शेजारच्या गच्चीवर विजयसिंह कठडा धरून उभे होते. त्यांच्या मागं उंच खांबावर, माशाच्या काट्यासारखी नळ्यानळ्यांची अँटेना. खोलीतलं बटण दाबलं की मोटर तिला फिरवायची. जिकडं तिचं तोंड, तिकडच्या देशातल्या हौशी रेडिओवाल्यांशी बोलणं व्हायचं. पण आक्काताईंची सून स्नेहल गरोदर राहिली आणि विजयसिंहांची वायव्य बंद झाली. वायव्येला आक्काताईंचं घर होतं. त्याच्या पलीकडं सगळा युरोप.

बाळाला यानं काही होत नाही, हे त्यांनी तेव्हाच सांगून पाहिलं होतं. तुम्ही डॉक्टर हाय काय, एवढंच आक्काताईंनी विचारलं होतं. मग त्यांनी शब्द दिला आणि पाळलाही.

आज मात्र पोलंडचा यानेक शेवटचा बोलणार होता. उद्या त्याची लेक त्याला वृद्धाश्रमात नेणार, आणि तिथं अँटेना लावू देत नाहीत. पंचवीस-तीस वर्षांची ओळख, तोंड कधी बघितलेलं नाही.

"मग फोन लावा की त्यास्नी."

"फोनवर त्याचा आवाज मला ओळखू यायचा न्हाय, वहिनी. मी तो खरखरीतनंच ऐकलाय."

आक्काताईंनी हात पदराला पुसले. झोंबले असावेत, कारण नंतर डोळे पुसले ते मनगटानं.

"स्नेहल, चप्पल घाल," त्यांनी जिन्यातून खाली हाक दिली. "डॉक्टरनं चालायला सांगितलंय न्हवं?" मग विजयसिंहांना म्हणाल्या, "आम्ही देवळापर्यंत जाऊन येतो. तोवर बोलून घ्या."

जाता जाता त्यांनी मिरच्यांवर जुनं लुगडं पांघरलं. चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या.

दोघी गल्लीच्या तोंडाशी परत आल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. स्नेहलनं भरभर चार पावलं टाकली. आक्काताईंनी तिचा दंड धरून तिला थांबवलं आणि वर पाहिलं. अँटेनाचं तोंड अजून त्यांच्याच घराकडं होतं.

"पाय दुखाय लागलेत, आत्ती. आलं की घर."

"अजून बोलायलाय त्यो," आक्काताई म्हणाल्या. "चल, आणि एक फेरी मारू. हळू चाल."