अजून एकदा, हसून

"फोनचं लॉक काढून दे," ऑडिशन घेणाऱ्या बाई म्हणाल्या. "सीनमधली मुलगी स्वतःच्याच फोनवरून घरी व्हिडिओ पाठवते. आपणही तुझ्याच फोनवर घेऊ. खरं वाटलं पाहिजे."

तिनं लॉक काढून फोन दिला. आई इथे असती तर तिनं आधी बाईंची उलटतपासणी घेतली असती.

आई घरी बसून लोकांचे कपडे शिवायची, आणि मशीनसमोर रोज गुन्ह्यांची मालिका चालू असायची. जगाचं सगळं ज्ञान तिला तिथूनच मिळालेलं. सकाळी निघताना तोंडातल्या टाचण्या काढून तिनं बजावलं होतं, "गळ्यात साखळ्या घातलेला माणूस दिसला की मागे फिर. सरबत दिलं तर पिऊ नकोस. आणि सहापर्यंत फोन आला नाही तर मी सरळ पोलिसात जाणार. मग म्हणू नकोस, आईनं चारचौघांत शोभा केली."

त्यावर कडी म्हणजे खूण. तीही कुठल्याशा भागात बघितलेली. सगळं ठीक असेल तर बोलता बोलता कुंडीला पाणी घालायला सांगायचं. नाही सांगितलं, की आईनं काय ते समजायचं. त्यांच्या दारात कुंडी एकच, आणि तीही अर्धमेली.

तेव्हा ती हसली होती. पण जिना चढून आत येताना तिनं सगळं नीट न्याहाळलं. साखळीवाला कुणी नव्हता. या बाई होत्या, चष्मा डोक्यावर सरकवलेल्या, पेपर तपासून थकलेल्या शिक्षिकेसारख्या. सर्दीनं बेजार झालेला एक कॅमेरावाला होता. सरबत सोडाच, पाणीसुद्धा तिलाच उठून घ्यावं लागलं. खिडक्यांवर जाड चादरी ठोकलेल्या होत्या.

"रस्त्याचा आवाज येतो," कॅमेरावाला नाक पुसत म्हणाला आणि त्यानं दार लावून घेतलं.

यात नवं काही नव्हतं. दोन वर्षं ती ऑडिशनसाठी उंबरठे झिजवत होती. सगळीकडे दारं बंदच असत, आणि उघडली की "कळवतो" एवढंच ऐकू येई. आज नाही जमलं तर उद्यापासून आईशेजारी दुसऱ्या मशीनवर बसायचं, असं तिनं स्वतःशी ठरवून टाकलं होतं. 

भूमिका नोकरीच्या आशेनं शहरात आलेल्या आणि त्या धंद्यात अडकलेल्या मुलीची होती. समोर पहाऱ्याला माणूस उभा आहे, आणि आईला सांगायचं आहे की मी मजेत आहे.

पहिल्या वेळी ती ढसाढसा रडली.

बाईंनी फोन खाली घेतला. "एवढी रडलीस तर आई मिळेल ती गाडी पकडून येईल. मालिकेत सगळ्याच मुली रडतात, किंचाळतात. खऱ्या नाही रडत."

"मग काय करतात?"

"हसतात. घरच्यांनी शोधायला येऊ नये म्हणून. अजून एकदा, हसून."

कामाबद्दल इतकं खरं तिच्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं. ती हसली, पण वाक्यं पाठ केल्यासारखी बाहेर पडली.

"घरी आईशी अशी बोलतेस?" बाई कंटाळून म्हणाल्या. "आधीची मुलगी तर नुसती रडत बसली. काही उपयोग नाही तिचा. तुझं बघ बाई, जमतंय का."

तिनं डोळे मिटले. तोंडात टाचण्या धरलेली आई आठवली. या संशयी आईला खरोखरच गप्प बसवायचं असेल तर काय सांगावं लागेल? तिनं डोळे उघडले.

"काय आईसाहेब, जेवलात का? मला काम मिळालं बरं का. राहायची सोयही झाली, सगळ्या बायकाच आहेत. इथे फोन नीट लागत नाही, तू करत बसू नकोस, मीच करीन. आणि हो, कुंडीला पाणी घाल, नाहीतर विसरशील."

कॅमेरावाल्याचं सुरसुर करणारं नाक थांबलं.

"शेवटचं कुठून काढलंस?" बाईंनी विचारलं. "संवादांच्या कागदावर नव्हतं."

"सुचलं," ती म्हणाली. घरची खूण परक्यांना कशाला सांगायची?

"छान. खरं वाटलं."

या दोन शब्दांसाठी ती दोन वर्षं थांबली होती. तिचे डोळे आपोआप भरून आले.

"वरच्यांना दाखवते. तू बस," म्हणून बाई तिचा फोन घेऊन पलीकडे गेल्या. मागोमाग कॅमेरावालाही गेला आणि दार बंद झालं.

ती बसून राहिली. आईला ही बातमी कशी सांगायची ते घोळवत राहिली. आधी तोंड पाडून घरात शिरायचं, मग हळूच सांगायचं. चादरींच्या कडेनं येणारा उजेड मंद होत गेला, तशी ती दचकली. सहा वाजत आले असणार. आई म्हणजे आई, खरंच पोलिसात जाऊन बसायची.

ती उठली. दाराची मूठ फिरेना. तिनं हळूच टकटक केलं. "बाई, माझा फोन देता का? आईला कळवायचं होतं."

 पलीकडे कुणीतरी शिंकलं. मग तिला तिचाच आवाज ऐकू आला. "काय आईसाहेब, जेवलात का?" शेवटपर्यंत, कुंडीसकट. वरच्यांना दाखवताहेत. काम चांगलंच झालं होतं, तिचं तिलाच पटलं.

मग फोन टिंग करून वाजला, आणि दाराआडून आईचा आवाज आला. मागे शिलाई मशीनची घरघर चालू होती.

"बघितला गं व्हिडिओ. जीव भांड्यात पडला माझा. आत्ताच उठून कुंडीला पाणी घातलं बघ. आता मी नाही काळजी करत."